पाळीवरची बाई

१

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारी सकाळची बस शुभांगीला अड्याळच्या जरा अलीकडे उतरवायची. तिथून धानाच्या बांध्यांमधली पायवाट धरली की जुनी राईस मिल लागायची. मिल बंद पडून पुष्कळ वर्षं झाली होती. यंत्रं भंगारात गेली, उरला तो एक लांबलचक हॉल, वर पत्रे, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत मुरलेला कोंड्याचा वास. त्या हॉलमध्ये आता संग्रहालय उभं राहत होतं. तलावांचं, धानाचं, आणि ते तलाव एकेकाळी ज्यांच्या मालकीचे होते त्या घराण्याचं.

शुभांगी कुलूप काढायची, दिवे लावायची, कॉम्प्युटर सुरू करायची, आणि तो सुरू होईतो हॉलमधून एक चक्कर मारायची. ही चक्कर तिला फार आवडायची. नागपुरात चित्रकलेचं शिक्षण, त्यावर संग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा, मग तिथल्याच एका संग्रहालयात कंत्राटावर काम. दुसऱ्यांनी निवडलेल्या वस्तूंखाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या पाट्या लावायच्या, एवढंच. कंत्राट संपलं तशी ती भंडाऱ्याला खोली घेऊन फ्रीलान्स डिझाइनर झाली. फ्रीलान्स म्हणजे काय, हे करडीला राहणाऱ्या आईला तिला कधी समजावता आलं नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कृषी केंद्रांचे लोगो. त्यातही जास्त मागणी फोटोंच्या दुरुस्तीला. कुणाला लेकीच्या लग्नाच्या फोटोत वारलेले वडील उभे करून हवे असत, कुणाला माहेरी निघून गेलेली सून काढून हवी असे. या कामात तिचा हात बसला होता. ती माणूस असा काढायची की मागची भिंत कधी झाकलेली होती असं वाटूच नये.

आणि मग एके दिवशी भय्याजींचा निरोप आला. भय्याजी म्हणजे त्या जुन्या मालगुजार घराण्यातले थोरले. सत्तरीतले, पण काठीसारखे ताठ आणि दारात उभे राहिले तर चौकट भरून टाकतील असे उंच. मिलची जागा त्यांची, ट्रस्ट त्यांचा. बोलणं मोठं गोड.

"गाव कोणतं, बेटा?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"करडी."

"शेतीवाडी?"

"हो. घरची आहे न," शुभांगी म्हणाली.

खोटं नव्हतं ते. दीड एकर होतं. पण तिची आई, गोदावरीबाई, अजूनही रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात वाकून उभी राहायची. हे शुभांगीनं सांगितलं नाही. कपबशीतून चहा आला होता, बसायला सोफा होता, आणि भय्याजी तिला 'डिझाइनर मॅडम' म्हणून पाहुण्यांना ओळख करून देत होते.

२

हॉलच्या शेवटच्या भिंतीवर एकच मोठा फोटो लावायचा ठरला होता. दुष्काळी कामांच्या वर्षातला. गावाबाहेरच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाची पाळ फुटली होती, ती बांधून काढतानाचा. मधोमध भय्याजींचे वडील, डोक्यावर हॅट, हातात छडी. मागे मातीची उंच पाळ आणि पाळीवर मुंग्यांसारखी माणसं. सगळ्यांचे डोळे मालकांकडे.

फक्त एक बाई सोडून. ती मालकांच्या कोपराशी, अगदी पुढे उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपली, आणि नजर थेट कॅमेऱ्यात.

"फोटो झकास आहे," भय्याजी म्हणाले. "पण थे बाई काढून टाक, बेटा. पाह्यणाऱ्याची नजर बाबूजींवर जातच नाई. तिच्यावरच अटकून राहते."

"जी."

दुपारी हॉलमध्ये कुणी नसताना तिनं फोटो उघडला आणि बाईचा चेहरा पडदाभर मोठा केला. आणि तिचा हात माऊसवरच थांबला.

तो तिच्या आईचा चेहरा होता. आईसारखा नाही, आईचाच. डावी भुवई जराशी वर चढलेली, रुंद गाल, आणि काहीतरी गिळून टाकल्यासारखे घट्ट मिटलेले ओठ. पण त्या वर्षी आई जेमतेम रांगत असेल.

घरात एक वाक्य होतं. आई ते फार तर वर्षातून एकदा बोलायची, तेही कामाच्या नादात. "माही माय अड्याळकडच्या पाळीच्या कामावर गेली, थे मंग आलीच नाई." त्याच्यापुढे काही नसायचं. आजीचा फोटो घरात नव्हता, कुणाच्याच घरात नव्हता.

शुभांगीनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पाळीवर शेकडो बाया असतील. चेहरे मिळतात. फोटो जुना, दाणे फुटलेले, डोळ्यांना काय वाटेल ते वाटतं. मग तिला कळलं की आपण ओळखीबद्दल विचार करतच नाही आहोत. आपण विचार करतोय तो हा, की सांगितलं तर भय्याजींचा आवाज बदलेल का. उद्यापासून चहा कशातून येईल.

तिनं काम सुरू केलं. नेहमीप्रमाणे पायांपासून. पाय गेले, तिथे माती आली. लुगडं गेलं, तिथे मागच्या पाळीचा उतार आला. टोपली गेली, आभाळ आलं. चेहरा तिनं शेवटी ठेवला, आणि चेहऱ्यातही डोळे शेवटी राहिले. एक क्षण पडद्यावर नुसती माती होती आणि त्या मातीत दोन डोळे होते.

तिनं तेही पुसले. एरवी ती मूळ फाइल नेहमी वेगळी ठेवायची. या वेळी ठेवली नाही.

३

भंडाऱ्याच्या कैलाशनं लोखंडी चौकट बनवून आणली आणि फोटो भिंतीवर चढवला. उद्घाटनाला बरीच माणसं आली. भय्याजींनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता हे संग्रहालय हेच पोरगी सांभाळन. पक्की नोकरी."

पक्की. हा शब्द ऐकायला ती किती वर्षं धावली होती! हॉलच्या एका कडेला तिचं टेबल लागलं, टेबलावर नावाची पाटी आली. ती पाटी तिनंच डिझाइन केली होती.

आईला तिनं फोन केला. आई पलीकडे एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "मले दाखवशील न वं एकडाव?"

"दाखवीन न, आई. गर्दी जरा कमी होऊ दे."

गर्दी म्हणजे आठवड्यातून एखादी शाळेची सहल.

४

अशाच एका सहलीच्या दिवशी तिला ते पहिल्यांदा दिसलं.

मुलं रांगेनं मोठ्या फोटोसमोरून चालली होती. रांग सरळ होती, फक्त एका जागी ती वाकत होती. ओढ्यात दगड असला की पाणी जसं बाजूनं जातं, तशी. तिथे काहीच नव्हतं. फरशी सपाट, कोरडी. पण प्रत्येक मूल त्या जागी आलं की अर्धं पाऊल बाजूला टाकायचं, एक खांदा आत घ्यायचं, आणि पुढे जायचं. कुणी थांबत नव्हतं, कुणी पाहत नव्हतं. शाळेच्या बाईसुद्धा तशाच गेल्या, बोलता बोलता. आणि त्या पट्ट्यातून जाताना सगळ्यांचा आवाज जरासा खाली यायचा. पत्र्याखाली एरवी टाचणी पडली तरी घुमते. तिथे तो घुमाराच मरायचा.

फरशीला उतार असेल, तिला वाटलं. वरच्या दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत असेल. तिनं दिवा फिरवून घेतला. कैलाश शिडी घेऊन आला, दिवा फिरवला, शिडी खांद्यावर टाकून निघाला. आणि त्या जागेला वळसा घालून गेला.

"कैलाशभाऊ, काहून फिरून गेले?"

"कुठून जी?"

"इथून. सरळ रस्ता होता न."

त्यानं मागे वळून फरशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सरळच तं गेलो, मॅडम."

तिनं त्या जागी फरशीवर चिकटपट्टीची फुली मारून ठेवली. पुढची सहल आली तेव्हा मुलं फुलीवरून बिनधास्त चालत गेली. शुभांगीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात रांग वाकली. फुलीच्या अलीकडे. फोटोपासून दूर, आणि तिच्या टेबलाच्या दिशेनं.

५

काही दिवस ती मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिली. पाट्यांचं शुद्धलेखन तपासलं, माहितीपत्रक केलं, एका ज्वेलर्सचं राहिलेलं काम उरकलं. पण पायांना कळत होतं. सकाळच्या चक्करीत ती स्वतःही कुठेतरी अर्धं पाऊल बाजूला टाकत होती. आपण तसं करतो हे तिला चक्कर संपल्यावर, खांदा अजून आत ओढलेला असताना कळायचं.

मग अड्याळच्या बाजारात एक साधीच गोष्ट झाली. भाजीच्या दुकानांमधल्या गर्दीतून एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. तिनं काही हाक दिली नाही. पण पुढची माणसं आपोआप दुभंगली. अर्धं पाऊल बाजूला, एक खांदा आत, मान जराशी झुकवून. शुभांगीनंही तसंच केलं. म्हातारी निघून गेली आणि शुभांगी हातात वांगी धरून तिथेच उभी राहिली.

डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वाट देताना माणूस असा वाकतो.

दुसऱ्या दिवशी उजेड चांगला पसरल्यावर तिनं ठरवलं, आज सरळ चालायचं. रांग शेवटची जिथे वाकली होती ती जागा आता तिच्या टेबलाच्या अगदी जवळ आली होती. हात लांबवला असता तर पोचला असता. ती भिंतीपासून निघाली, डोळे टेबलावरच्या पाटीवर ठेवले, पावलं मोजूनमापून टाकली. आणि पाटीशी पोचली. डावा खांदा आत होता. मान झुकलेली होती. आणि उजव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी नाकातून श्वास सोडला होता. आखूड आणि दबका. फार वेळ ओझ्याखाली उभं राहिलेलं माणूस सोडतं तसा.

पत्रे उन्हानं तापले की असे आवाज करतात. हे तिनं स्वतःला दोनतीनदा सांगितलं. पत्रे अजून तापले नव्हते.

आई असती तर तिला सांगता आलं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच लाजेनं तिचे कान गरम झाले. कारण आईला सांगायचं म्हणजे फोटोपासून सांगावं लागलं असतं.

६

आई न सांगताच आली.

त्या दिवशी भय्याजी नागपूरच्या काही पाहुण्यांना संग्रहालय दाखवत होते. शुभांगी त्यांच्यासोबत होती, चांगली साडी नेसलेली, बोलत होती. दारात कुणाची तरी सावली पडली. गोदावरीबाई उभी होती. हातात पिशवी, पिशवीत लाखोरीची डाळ, पाय धुळीनं माखलेले. तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, देवळात येतात तशा.

"या कोण?" एका पाहुण्या बाईंनी सहज विचारलं.

शुभांगीनं तोंड उघडलं. भय्याजी तिच्याकडे पाहत होते, शांतपणे, उत्तराची वाट पाहत असल्यासारखे.

"करडीच्या आहेत," ती म्हणाली. "पाहायला आल्या."

हॉल घुमणारा होता. ते दारापर्यंत ऐकू गेलं. गोदावरीबाईनं पदर सारखा केला आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवत आत आली. मोठ्या फोटोकडे तिनं एक नजर टाकली. मग शुभांगीच्या टेबलाकडे वळली. सगळे जिथे वाकायचे तिथे ती वाकली नाही. ती थांबली. तिनं मान वर केली, स्वतःपेक्षा उंच काहीतरी पाहावं तशी.

"अव माय," ती हळूच म्हणाली. "कवापासून उभी आहेस वं बाई?"

कुणी उत्तर दिलं नाही. म्हणजे शुभांगीला तरी ऐकू आलं नाही. पण आई ऐकत होती. मान हलवत होती. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. रिकाम्या हवेत, खांद्याच्या वर, तळवे उघडे. आणि ते हात खाली दबले. कोपरं वाकली, मनगटं थरथरली, मानेच्या शिरा वर आल्या.

"शुभांगी," आई दातांवर दात धरून म्हणाली. "हात लाव वं. एकटीनं नाई उतरत."

एका पाहुण्यानं कसंनुसं हसून भय्याजींकडे पाहिलं. शुभांगीच्या आणि आईच्या मध्ये चार पावलांचीच वाट होती. सगळे पाहत होते, आणि तिला वाटलं की आपण एक पाऊल जरी टाकलं तरी सगळं बाहेर पडेल, करडी, चिखल, फोटो, सगळं.

ती हसली. स्वतःचं ते हसणं तिला स्वतःलाच ऐकू आलं. "मावशी," ती म्हणाली, "चला, बाहेर बसा जरा. ऊन लागलं असेल."

गोदावरीबाईनं तिच्याकडे पाहिलं. डावी भुवई जराशी वर गेली. मग तिनं ओठ घट्ट मिटले, गुडघ्यांत वाकली, आणि जे काही हातांत होतं ते एकटीनंच स्वतःच्या डोक्यावर घेतलं. हळूहळू उभी झाली. मान ताठ, नजर समोर. दाराकडे चालायला लागली तेव्हा पाहुणे बाजूला झाले. प्रत्येक जण अर्धं पाऊल, एक खांदा आत. आपण काय केलं हे त्यांतल्या एकालाही कळलं नाही.

पिशवी तिथेच राहिली.

"ऊनच लागलं असन," भय्याजी म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन पुढच्या मांडणीकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

७

शुभांगी सूर्य मावळायच्या आत करडीला पोचली. आई अंगणात उभी होती. शेजारची शकुनबाई पेल्यात पाणी घेऊन तिच्यासमोर उभी होती आणि रडकुंडीला आली होती.

"पाय न वं, शुभांगी. आली तवापासून अशीच उभी आहे. बस म्हटलं तं बसत नाई. पाणी देल्लं तं मान खाली करत नाई. काय झालं हिले?"

शुभांगीनं पेला घेतला आणि तिला घरी पाठवलं. जाताना शकुनबाई अंगणाच्या कडेकडेनं गेली, खांदा चोरून.

आईच्या कपाळावर घाम होता. मानेवरची कातडी ताणलेली होती. डोक्यावर काहीही नव्हतं. केस मात्र चपटे झाले होते, गोल, चुंबळ दाबून बसल्यासारखे.

"आई, खाली ठेव न."

"मधीच नाई ठेवता येत. ज्याचं आहे त्याच्या दारात ठेवा लागते."

"कोणाचं आहे?"

"मले का मालूम? थे बी थेच इचारत होती. मालकाचं घर कोणतं म्हणून. म्या म्हटलं मले नाई मालूम, माह्या पोरीले मालूम आहे." आईनं श्वास घेतला, आखूड, नाकातून. "तुह्याचकडं तं येऊन राहिली होती थे."

शुभांगी म्हणाली, "आई, मी तुले मावशी म्हटलं."

"आयकलं म्या."

"आणि त्या फोटोत..."

"मंग सांगजो. हात लाव आधी. मान तुटून राहिली माही."

"काय आहे त्यात?"

"म्या पाह्यलं नाई. तू बी पाहू नोको."

शुभांगीनं हात वर केले. आधी नुसती संध्याकाळची गार हवा लागली. आपल्याला कुणी पाहत असेल का, असा विचार या क्षणीही तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची तिला इतकी किळस आली की तिनं डोळे मिटून घेतले. मग बोटांना काठ लागला. बांबूच्या कामट्यांचा, ओला, एके ठिकाणी उसवलेला. आईनं मान काढून घेतली आणि वजन आलं. मातीचं वजन कसं असतं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. माती टोपलीत एका जागी बसून राहते. हे मधूनच एका बाजूला कलत होतं.

आई पायरीवर बसली. पाणी घटाघटा प्यायली. मग पदरानं तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

शुभांगी तिच्याजवळ बसू शकली नाही. तिला आता बसता येणार नव्हतं.

८

सकाळच्या बसमध्ये ती पूर्ण वाट उभी राहिली. गर्दी होती, तरी तिच्या भोवती जागा होती. कंडक्टर तिकीट देताना हात लांब करून उभा होता, आणि का ते त्यालाच कळत नव्हतं.

ती मिलकडे गेली नाही. सरळ भय्याजींच्या घरी गेली. ते बैठकीत पेपर वाचत होते. समोर चहा होता, खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं.

"ये बेटा, बस."

ती उभीच राहिली. पेपर खाली आला नाही.

"भय्याजी," ती म्हणाली. रात्रभर जुळवलेलं सगळं विसरली होती, एवढंच उरलं होतं. "फोटोतली थे बाई माही आजी होती. मी ओळखलं होतं. ओळखूनच काढलं."

पेपरचं पान उलटलं.

"मालूम आहे," भय्याजी म्हणाले.

तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तू पयल्या दिवशी दारातून आत आली न, तवाच ओळखलं. थेच तोंड. मी बी तवा पाळीवर होतो, बाबूजींसंग. अठरा-वीस वर्साचा असन." आवाज शांत होता, जुन्या पिकाबद्दल बोलावं तसा. "फोटो तुले देल्ला, म्हटलं पाहू, पोट्टी काई बोलते का. तू काई बोलली नाई. मंग म्या बी नाई बोललो."

शुभांगीचा चेहरा पेटला. इतके दिवस तिला वाटत होतं की निदान ही लाज आपली एकटीची आहे, कुलूपबंद आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवताना, पक्की नोकरी म्हणताना, दारात उभ्या आईकडे पाहून तिच्या उत्तराची वाट पाहताना, हा माणूस सगळं बघत होता. तिनं स्वतःच्या हातानं पुसलेलं बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं.

"असे फोटो अजून आहेत," ते म्हणाले. "तुह्या हाताले सफाई आहे. हळूहळू करू."

"भय्याजी," ती म्हणाली, "हात लावता का जरा?"

"कायले?" म्हणत त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग नजर तिथून वर सरकली. कपाळाच्या वर. डोक्याच्या वर. तिथे थांबली.

ते उठले. उंच माणूस, उठल्यावर त्यांना वरून आत दिसलं असणार. कपबशी कशालातरी लागून खाली पडली, फुटली, चहा फरशीवर पसरला, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. तोंड उघडं होतं. चेहऱ्यावरचं वय गळून पडत होतं, आणि शुभांगीच्या समोर अठरा-वीस वर्षांचा एक भेदरलेला मुलगा उभा होता.

"हे तं..." ते पुटपुटले. "हे तं बाबूजींनं तवाच पाळीत गाडलं होतं..."

मागे सरकत गेले, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

तिच्या डोक्यावर काहीतरी एका बाजूला कललं आणि स्थिर झालं. मान वर करून पाहावं असं तिला फार वाटलं. तिनं पाहिलं नाही.

"इथं नोको," भय्याजी म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "बेटा, इथं नोको उतरवू. बाहेर ने. तलावावर ने, कुठं बी ने. तुले काय पायजे थे सांग. माह्या घरात नोको. पाया पडतो तुह्या."

शुभांगीनं दोन्ही हात वर नेले, ओले काठ घट्ट धरले, आणि त्यांच्या पायांपाशी, उन्हाच्या त्या पट्ट्यात, हळूहळू गुडघ्यांत वाकायला लागली.